आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत स्वयंसेवक व्हायचे असेल तर : अर्जापासून शेवटच्या पाळीपर्यंत

ऑलिम्पिकच्या स्टेडियममध्ये जिन्यापाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाची पाठ बहुतेक वेळ मैदानाकडे असते. त्याने पाहायचे असते ते प्रेक्षकांकडे : कोणाला जागा सापडत नाही, कोणाचे मूल हरवले आहे, कोणाला उन्हाने भोवळ येते आहे. मागे विश्वविक्रम झाला तर त्याला तो गर्दीच्या आरोळीवरून कळतो. स्वयंसेवक म्हणजे फुकटात सामने पाहण्याची सोय, अशी समजूत मनात धरून अर्ज करणाऱ्यांची निराशा इथूनच सुरू होते. म्हणून अर्ज कसा करावा हे पाहण्याआधी आपण नेमके कशासाठी आणि किती खर्चाने जात आहोत, याचा हिशोब मांडणे आवश्यक आहे. पुढील विवेचनात पॅरिस २०२४ चे ऑलिम्पिक हे मुख्य उदाहरण घेतले आहे आणि लॉस एंजेलिस २०२८ (ऑलिम्पिक) व अहमदाबाद २०३० (राष्ट्रकुल) या आगामी स्पर्धांचा विचार त्याच्या अनुषंगाने केला आहे.

पहिली पायरी : काम समजून घेणे

लंडन २०१२ साठी सुमारे २ लाख ४० हजार अर्ज आले आणि ७० हजार स्वयंसेवक घेतले गेले. पॅरिसमध्ये ४५ हजार जागांसाठी ३ लाखांहून अधिक अर्ज होते. कतारमधील २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात जागा २० हजार होत्या आणि अर्ज ४ लाखांवर गेले. म्हणजे लंडनमध्ये साधारण साडेतीन अर्जांमागे एक, पॅरिसमध्ये सातांमागे एक आणि कतारमध्ये वीसएक अर्जांमागे एक अशी निवड झाली. या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र आपण कोणत्या कामासाठी उपयोगी पडू हे स्पष्ट नसलेला अर्ज या ढिगात सहज हरवतो.

सर्वांत जास्त माणसे प्रेक्षकसेवेत लागतात : प्रवेशद्वारे, रांगा, दिशादर्शन, आसनव्यवस्था. त्याखालोखाल वाहतूक, ओळखपत्र वितरण, गणवेश केंद्र, पत्रकार कक्ष, पाहुण्यांची व्यवस्था, क्रीडाग्रामातील मदत आणि भाषासेवा ही कामे येतात. वाहनचालकाचे काम पत्करायचे असल्यास परवान्याबरोबर रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय लागते. फ्रान्स आणि अमेरिका या दोन्ही देशांत आपल्या उलट पद्धत आहे आणि आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना ही सवय देत नाही. वैद्यकीय कामासाठी भारतातील पदवी पुरेशी ठरेलच असे नाही, कारण रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार त्या त्या देशातील नोंदणीवर अवलंबून असतो.

फारसे कोणाला ठाऊक नसलेले एक काम उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीतील सोबत्याचे असते. ज्या खेळाडूचा नमुना घ्यायचा आहे, त्याला तसे कळवल्यापासून तो चाचणी केंद्रात पोहोचेपर्यंत या स्वयंसेवकाने त्याला नजरेआड होऊ द्यायचे नसते. नुकताच हरलेला, रडणारा किंवा चिडलेला खेळाडू समोर असताना शांत राहून त्याच्यामागे चालत राहणे सोपे नाही. पण खेळाच्या इतक्या जवळ जाण्याची संधी प्रेक्षकसेवेत क्वचितच मिळते, म्हणून ज्यांचा स्वभाव संयमी आहे त्यांनी हा पर्याय जरूर पाहावा.

दुसरी पायरी : दिनदर्शिका

स्पर्धा जवळ आल्यावर शोधाशोध करणाऱ्याची वेळ बहुधा टळलेली असते. पॅरिसची स्पर्धा २६ जुलै २०२४ ला सुरू झाली, पण अर्जाची मुदत २२ मार्च ते ३ मे २०२३ अशी होती, म्हणजे जवळजवळ सोळा महिने आधी. टोकियोने २०२० च्या स्पर्धेसाठी सप्टेंबर ते डिसेंबर २०१८ या काळातच अर्ज घेतले. कतारने मात्र मार्च २०२२ मध्ये नोंदणी सुरू केली आणि स्पर्धा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये झाली. ऑलिम्पिकसाठी दीड ते दोन वर्षे आणि फुटबॉल विश्वचषकासाठी किमान आठ-दहा महिने आधीपासून अधिकृत संकेतस्थळावर लक्ष ठेवावे, असा ढोबळ नियम यावरून काढता येतो.

लॉस एंजेलिसची ऑलिम्पिक स्पर्धा १४ ते ३० जुलै २०२८ या काळात आहे आणि पॅरालिम्पिक १५ ते २७ ऑगस्टला. माझे स्पष्ट मत असे की, प्रथमच जाणाऱ्याने पॅरालिम्पिकचा पर्याय दुय्यम मानू नये. ऑलिम्पिकनंतर शहरातील गर्दी ओसरलेली असते, राहण्याचे दर तुलनेने उतरतात आणि प्रेक्षक व खेळाडू यांच्याशी थेट बोलण्याची संधीही अधिक मिळते. शिवाय सगळ्यांचा ओढा ऑलिम्पिककडे असल्यामुळे दोन्हीसाठी तयारी दाखवणाऱ्या अर्जाचा विचार अधिक अनुकूलतेने होण्याचा संभव असतो.

तिसरी पायरी : पैशांचा आणि रजेचा हिशोब

पॅरिसमध्ये स्वयंसेवकाला गणवेश, कामाच्या दिवशी जेवण आणि शहरातील सार्वजनिक वाहतुकीची सोय मिळाली. विमानभाडे आणि राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. टोकियोत कामाच्या दिवशी प्रवासासाठी १,००० येन दिले जात. काही स्पर्धांत परदेशी स्वयंसेवकांच्या निवासाची सोय केली जाते, पण ते गृहीत न धरता अटींचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

पॅरिसची अट किमान दहा दिवसांची होती. या दहा दिवसांचा अर्थ दहा रात्री असा लावला की अंदाजपत्रक तिथेच चुकते. कामाच्या दिवसांच्या मध्ये सुट्टीचे दिवस येतात, गणवेश आणि ओळखपत्र घेण्यासाठी आधी पोहोचावे लागते, स्थळावरील प्रशिक्षण असते आणि लांबच्या विमानप्रवासानंतर झोपेचे गणित जुळायला दोन दिवस जातात. दहा दिवसांच्या कामासाठी सोळा ते अठरा रात्री धराव्यात. या रात्रींना निवासाच्या दराने गुणावे, त्यात विमानभाडे, व्हिसा, प्रवासविमा, सुट्टीच्या दिवसांचे जेवण आणि न ठरलेल्या गोष्टींसाठी थोडी शिल्लक मिळवावी. येणारी रक्कम पाहून घरात चर्चा व्हावी आणि त्यानंतरच अर्ज भरावा, कारण निवड झाल्यावर पैशांअभावी नकार कळवणे दोन्ही बाजूंना त्रासाचे ठरते.

निवासाचे आरक्षण रद्द करता येण्याजोगे असावे आणि ते लवकर करावे. परदेशस्थ नातेवाइकांकडे राहण्याचा पर्याय मराठी माणसाच्या डोक्यात प्रथम येतो आणि तो चांगलाही आहे. मात्र स्वयंसेवकाची पाळी पहाटे पाचला सुरू होते किंवा मध्यरात्रीनंतर संपते, हे यजमानांना आधी सांगितलेले बरे. अडीच आठवडे रोज अवेळी दार उघडणारा पाहुणा कितीही लाडका असला तरी घरच्यांना जड जातो. ज्यांचे कोणी नाही त्यांनी स्थानिक महाराष्ट्र मंडळाशी संपर्क साधावा. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे आणि विविध शहरांतील मंडळे त्याच्याशी जोडलेली आहेत. मंडळ राहायला जागा देईल अशी अपेक्षा ठेवू नये, पण कोणत्या भागात राहावे आणि रात्री उशिरा कोणती बस मिळते, हे तिथे राहणाऱ्या माणसाइतके नीट कोणी सांगू शकत नाही.

रजेचा प्रश्न नोकरदारांनी वर्षभर आधी लेखी सोडवावा. विद्यार्थ्यांनी परीक्षेचे वेळापत्रक आणि हजेरीची अट तपासावी. निवृत्तांना ही अडचण नसते. पॅरिससाठी १ जानेवारी २०२४ रोजी वय १८ पूर्ण असणे ही अट होती, पण वयाची वरची मर्यादा नव्हती, त्यामुळे साठीतील, धडधाकट, दोन भाषा बोलणारा माणूस या कामासाठी उत्तम उमेदवार असतो.

चौथी पायरी : पासपोर्ट, नाव आणि व्हिसा

आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे लिहिण्याची पद्धत आहे. पासपोर्टवर मात्र आडनाव आणि नाव असे दोनच रकाने असतात आणि मधले नाव कोणाच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात असते, कोणाच्या नसतेच. स्वयंसेवकाचे ओळखपत्र पासपोर्टवरील नोंदीनुसार तयार होते व सुरक्षा तपासणीही त्याच नावाने होते, म्हणून अर्जातील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे, मग घरी, शाळेत किंवा आधार कार्डावर ते कसेही असो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी, किंवा बदलण्याचा विचार असलेल्यांनी, अर्जाआधीच पासपोर्टचा निर्णय करून टाकावा. अर्ज एका नावाने आणि प्रवास दुसऱ्या नावाने, असे झाल्यास ओळखपत्राच्या खिडकीपाशी गाडी अडते. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी.

निवडीचे पत्र म्हणजे व्हिसा नव्हे, आणि मोबदला मिळत नाही म्हणून ते काम ठरत नाही असेही नव्हे. प्रत्येक देश याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. उदाहरणार्थ, ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसावर स्वयंसेवा करता येते, पण ती एकूण ३० दिवसांपेक्षा अधिक नसावी आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी असावी, अशी अट आहे. म्हणून पर्यटक व्हिसावर जाऊन काम करता येईल का, हा प्रश्न ओळखीच्या एजंटाला न विचारता संयोजन समितीला आणि त्या देशाच्या दूतावासाला विचारावा व उत्तर लेखी ठेवावे. शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांसाठीच्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अमेरिकेच्या बाबतीत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळण्यासच महिने लागू शकतात, त्यामुळे लॉस एंजेलिसला जाऊ इच्छिणाऱ्यांनी २०२७ मध्येच या कामाला लागणे शहाणपणाचे होईल.

व्हिसाखेरीज सुरक्षा चौकशीही होते. पॅरिसमध्ये स्वयंसेवकांसह ओळखपत्र मिळणाऱ्या सर्वांची शासकीय पडताळणी झाली होती. पोलिसांकडील चारित्र्य प्रमाणपत्र मागितले गेल्यास ते पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळते. पत्ता नुकताच बदलला असेल तर त्याला वेळ लागतो, हे लक्षात ठेवावे.

पाचवी पायरी : अर्ज

अनुभवाच्या रकान्यापाशी अनेक मराठी उमेदवार थबकतात, कारण आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा अनुभव त्यांच्याकडे नसतो. पण ज्याने गणेशोत्सव मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत रात्रभर दोर धरून गर्दी सावरली आहे, आषाढी वारीत पाणीवाटपाचे किंवा आरोग्यपथकाचे काम केले आहे, महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पन्नास जणांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली आहे, त्याच्याकडे गर्दी हाताळण्याचा जो अनुभव असतो तो युरोपातील अनेक उमेदवारांकडे नसतो. अडचण एवढीच की अर्ज वाचणाऱ्याला विसर्जन मिरवणूक म्हणजे काय हे माहीत नसते. त्यामुळे प्रसंग मोजता येईल अशा शब्दांत लिहावा : किती लोक होते, आपल्याकडे किती सहकारी होते, नेमकी जबाबदारी कोणती होती, कोणती अडचण आली आणि आपण काय केले. मी सामाजिक कार्यकर्ता आहे, या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बारा सहकाऱ्यांसह सहा तास एका चौकात रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवली, या वाक्यातून सारे कळते.

भाषेच्या बाबतीत खोटेपणा अजिबात करू नये. पॅरिससाठी फ्रेंच किंवा इंग्रजी यांपैकी एक भाषा आवश्यक होती. दोन महिने फ्रेंच शिकून पातळी वाढवून लिहिणाऱ्याला उद्या आजारी प्रेक्षक आणि डॉक्टर यांच्यामध्ये दुभाषा म्हणून उभे केले, तर काय होईल याचा विचार करावा. उलट हिंदी, उर्दू, गुजराती किंवा कन्नड नीट बोलता येत असेल तर ते जरूर लिहावे. गोव्यातील ज्या घरांत पोर्तुगीज अजून बोलली जाते तेथील उमेदवारांनी तर ती पहिल्या ओळीत लिहावी, कारण ब्राझीलपासून मोझांबिकपर्यंतच्या पथकांना ती उपयोगी पडते.

पसंतीचे काम निवडताना दोन-तीन पर्याय खुले ठेवावेत, पण कोणतेही काम चालेल असे लिहू नये. वाचणारा त्याचा अर्थ काहीच ठरलेले नाही असा घेतो.

अर्जाला शुल्क नसते. निवड पक्की करून देतो, ओळखपत्र मिळवून देतो, प्रशिक्षणाची रक्कम आगाऊ भरा, असे सांगणारा संदेश आला तर तो फसवणुकीचा समजावा आणि पासपोर्टची प्रत तर कोणत्याही स्थितीत संदेशवाहक ॲपवरून अनोळखी व्यक्तीला पाठवू नये.

सहावी पायरी : मुलाखत आणि प्रशिक्षण

मुलाखत बहुधा ऑनलाइन आणि थोडक्यात होते. मला खेळ फार आवडतो, हे उत्तर सगळेच देतात. मुलाखत घेणाऱ्याला जाणून घ्यायचे असते ते हे की कंटाळवाणे काम तुम्ही किती दिवस हसतमुखाने कराल. वाहनतळाच्या कोपऱ्यात सहा तास उभे राहावे लागले तर काय कराल, रांगेतील माणूस तुमच्यावर ओरडला तर काय कराल, नियम मोडून आत सोडण्याची विनंती एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीने केली तर काय कराल, अशा प्रश्नांची तयारी ठेवावी. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकच असते : सोडणार नाही आणि वरिष्ठांना कळवीन. आपल्याकडे ओळखीच्या माणसाला मागच्या दाराने आत घेणे हा आदरातिथ्याचा भाग समजला जातो. तिथे त्याच कारणासाठी ओळखपत्र काढून घेतले जाते.

प्रशिक्षणात सुरक्षितता, अपंग व्यक्तींशी वागण्याची रीत, स्थळाचा नकाशा आणि ओळखपत्रावरील खुणा शिकवल्या जातात. ऑलिम्पिकच्या ओळखपत्रावर रंग आणि आकडे असतात : साधारणपणे निळा रंग म्हणजे प्रत्यक्ष स्पर्धेचा भाग, ४ म्हणजे पत्रकारांचा आणि ५ म्हणजे प्रसारणाचा विभाग. आपल्या ओळखपत्रावर जी खूण नाही त्या दारातून जाऊ नये, दार उघडे दिसले तरीही. पॅरालिम्पिकमध्ये काम असल्यास दोन सवयी घरीच लावून घ्याव्यात. विचारल्याशिवाय कोणाच्या चाकाच्या खुर्चीला हात लावू नये, आणि दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरून तिला ओढण्याऐवजी आपला कोपर पुढे करून तिला तो धरू द्यावा.

सातवी पायरी : प्रत्यक्ष काम

नवे बूट नेऊ नयेत. गणवेशात बूट मिळाले तर ते मुक्कामाच्या जागी दोन दिवस घालून फिरावे आणि मगच पाळीवर जावे, कारण पायाला फोड आलेला स्वयंसेवक तिसऱ्या दिवशी निकामी होतो. शाकाहारी व्यक्तींनी अर्जातच तसे नोंदवावे. तरीही पहिल्या दोन दिवसांत पोटभर काही मिळेल याची खात्री नसते, म्हणून भाजलेले शेंगदाणे, चिक्की, खाकरा असे कोरडे पदार्थ सोबत असावेत. दूध-तुपाचे पदार्थ परदेशी विमानतळावर अडवले जाऊ शकतात, तेव्हा सीमाशुल्काचे नियम पाहूनच लाडू बांधावेत. नियमित औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत.

खेळाडूंची स्वाक्षरी मागणे किंवा त्यांच्याबरोबर स्वतःचे छायाचित्र काढणे कामाच्या वेळी निषिद्ध असते. ओळखपत्राचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह तर पहिल्याच दिवशी होतो, पण त्यावरील संकेतचिन्हाची (बारकोडची) नक्कल होऊ शकते. पडद्यामागे पाहिलेली खेळाडूची दुखापत कोणालाही, अगदी घरच्यांच्या गटातही, सांगू नये. त्या माहितीवर सट्टा लागू शकतो आणि ओळखपत्रधारकांना ऑलिम्पिकमधील सामन्यांवर पैज लावण्यास बंदीच असते.

काम झेपत नाही असे वाटल्यास न सांगता गैरहजर राहण्यापेक्षा पाळीप्रमुखाला स्पष्ट सांगावे. टोकियोत करोनाच्या काळात सुमारे १० हजार स्वयंसेवकांनी स्पर्धेआधी माघार घेतली आणि संयोजकांनी उरलेल्यांच्या बळावर व्यवस्था लावली. वेळेवर कळवलेली माघार सावरून घेता येते, पण पहाटेच्या पाळीला न आलेल्या माणसाची जागा त्या क्षणी कोणी भरू शकत नाही.

घराजवळची सुरुवात

परदेशी अर्जात लिहिण्याजोगा अनुभव इथेही मिळतो. मुंबईत दर जानेवारीत होणारी मॅरेथॉन स्वयंसेवकांशिवाय चालत नाही. पुण्याच्या बालेवाडीत २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या, २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने नवी मुंबई आणि मडगावजवळच्या फातोर्ड्यात झाले, आणि २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात भरला. अशा स्पर्धांची घोषणा होताच नोंदणी करावी.

घरापासून सर्वांत जवळची मोठी संधी मात्र २०३० ची आहे. शताब्दी वर्षातील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथे झाला. मुंबईहून काही तासांच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या या शहरासाठी व्हिसा नको, विमानभाडे नको आणि हिंदी-गुजरातीची जाण असलेल्या मराठी माणसाला भाषेची अडचणही नाही. ज्यांना लॉस एंजेलिसचा खर्च परवडणार नाही, त्यांनी आतापासून दोन-तीन स्थानिक स्पर्धांत काम करून २०३० चा अर्ज भक्कम करावा.

परतण्याआधी

संयोजन समिती ही तात्पुरती संस्था असते. स्पर्धा संपल्यावर काही महिन्यांत ती गुंडाळली जाते, कर्मचारी दुसऱ्या नोकऱ्यांत जातात आणि त्यांचे कार्यालयीन ईमेल बंद होतात. सहभागाचे प्रमाणपत्र बहुतेकांना मिळते, पण पुढच्या अर्जाला बळ देते ते पाळीप्रमुखाचे शिफारसपत्र. ते शेवटच्या पाळीच्या दोन दिवस आधी मागावे, त्यात आपण नेमके कोणते काम किती दिवस केले हे लिहून घ्यावे आणि पाळीप्रमुखाची हरकत नसेल तर त्याचा खासगी ईमेल पत्ता वहीत उतरवून घ्यावा.